अडीच हजारांत सुरात वाजणारं युकुलेले

पत्र:

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४४. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं येतात. गाणी टाळ्यांवर म्हणून घेते. मोबाइलवर एका बाईंना युकुलेले, म्हणजे ते गिटारीसारखं छोटं वाद्य, वाजवत मुलांबरोबर गाताना पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. शाळेत असताना पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पुढे सगळं सुटलं. दिवाळीच्या सुमाराला भिशीचा नंबर लागेल, त्यातले अडीच हजार मी स्वतःसाठी बाजूला काढणार आहे. त्याच्या वर एक रुपयाही जमणार नाही. ऑनलाइन नऊशेपासून दहा हजारांपर्यंत दिसतात. पुतण्या म्हणतो, तेवढ्यात गिटार येते, युकुलेले म्हणजे खेळणं. घरचे म्हणतात, चार दिवसांचं खूळ. माझी बोटं कामानं जाड झाली आहेत. काय घेऊ? की घेऊच नको?

उत्तर:

ताई, घ्या. बाकीचं पुढे सविस्तर बोलू, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पत्रभर तो एकच प्रश्न तुम्ही वेगवेगळ्या तोंडांनी विचारलाय. बावीस मुलांना रोज टाळ्यांवर गायला लावणाऱ्या बाईला एक वाद्य हवंसं वाटणं हे खूळ नाही. आणि अडीच हजारांत सुरात वाजणारं युकुलेले मिळतं. फक्त पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी मोजायचे नाहीत, हे पक्कं ठाऊक हवं.

पुतण्याचं म्हणणं खोडून काढते, म्हणजे तो विषय संपेल. अडीच-तीन हजारांत गिटार येते, खरंय. पण त्या किमतीच्या गिटारीच्या तारा बहुतेक वेळा पोलादी आणि गळ्यावरच्या पट्टीपासून चांगल्याच उंच असतात. दाबून दाबून बोटांना फोड येतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. सहा तारा, मोठं पोट, मांडी घालून बसलं की मधे येणारं. तुम्हाला सतरंजीवर मुलांच्या घोळक्यात बसून वाजवायचंय, एखादं पोर मांडीवर आलं तरी वाजवत राहायचंय. युकुलेलेच्या चार तारा नायलॉनच्या, हलक्या हाताने दाबता येणाऱ्या. तुमच्या कामाला तेच बरोबर आहे.

आणि ते खेळणं नाही. १८७९ साली पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून मजुरांची एक बोट हवाईला लागली. ही माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत कामाला आली होती. (तुमच्या-आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून लगेच फड डोळ्यांसमोर येतो.) त्यांच्यातल्या मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोसे दो एस्पिरितो सान्तो या तीन सुतारांनी पुढे होनोलुलूत आपल्या गावाकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून हे नवं वाद्य घडवायला सुरुवात केली. हवाईचा राजा कलाकौआ याला ते आवडलं, दरबारात वाजू लागलं आणि त्या बेटांचंच होऊन गेलं. मजुरी करून आलेल्या माणसाने संध्याकाळी मांडीवर घ्यावं, अशा घराण्यातलं हे वाद्य आहे.

तुम्ही पेटी शिकलात हे वाचून मला फार आनंद झाला, कारण आता एक गोष्ट तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येईल. युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. आपल्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एकला सा धरलात तर मोकळ्या चार तारा होतात प, सा, ग, ध. चारही एकाच सप्तकातल्या. वरून पहिली तार सगळ्यात खालच्या सुराची असेल असं वाटतं, पण तसं नसतं. पहिली पंचमाची, दुसरी षड्जाची. भूपाचे पाचापैकी चार सूर कुठेही बोट न ठेवता मिळतात. राहिला रे, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात आहे (गळ्यावर आडव्या बसवलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे पडदे), आणि वरचा सा धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात. वाद्य हातात आल्यावर पाचव्या मिनिटाला तुम्ही भूपाचा आरोह-अवरोह वाजवाल.

आता पैशांचं.

नऊशे-हजाराला दिसणाऱ्या रंगीबेरंगी वस्तूंकडे बघूही नका. त्यांत बरीचशी खेळणी असतात. ओळखायची खूण अशी: फोटो मोठा करून पडदे बघा. खऱ्या युकुलेलेला पितळी किंवा पोलादी पट्ट्यांचे पडदे लाकडात बसवलेले असतात. खेळण्याला पट्टी आणि पडदे एकाच प्लॅस्टिकच्या साच्यातून ओतलेले असतात. वर्णनात १७ इंच लिहिलं असेल किंवा 'मुलांसाठी गिटार' असं काही लिहिलं असेल तर पुढे चला. सहा तारांचं छोटं गिटार युकुलेलेच्या नावाखाली येतं, तेही नको.

साधारण दीड हजारापासून साडेतीन हजारांपर्यंत जो माल मिळतो, त्यात तुमचं वाद्य आहे. केडन्स, ह्वारेझ, व्हॉल्ट, महालो ही नावं तुम्हाला दिसतील. काला ही कंपनी चांगली आहे, तिचं बरंचसं बजेटबाहेर जाईल. पण नावावर फार जाऊ नका. या किमतीत एकाच कंपनीचे दोन नग एकसारखे निघत नाहीत. एक सुरेल, दुसरा बेसूर. म्हणून कुठलं घ्यावं यापेक्षा आलेलं कसं तपासावं हे मी जास्त सांगणार आहे.

आकार आधी ठरवा. सोप्रानो म्हणजे २१ इंची, कॉन्सर्ट २३ इंची, टेनर २६ इंची. बॅरिटोन सगळ्यात मोठं आणि त्याच्या तारा वेगळ्या सुरांत लावतात, ते नको. बहुतेक जण पहिलं वाद्य सोप्रानो घ्या म्हणतात, कारण ते स्वस्त. तुमच्यासाठी मी कॉन्सर्ट म्हणेन. सोप्रानोवर पडदे फार जवळजवळ असतात. बोट जाड असलं की शेजारच्या तारेला लागतं, तार बाजूला सरकते आणि सूर चढतो. कॉन्सर्टवर प्रत्येक घरात थोडी जास्त जागा मिळते. किमतीत तीन-चारशेचा फरक पडेल, तो इथे खर्च करण्यासारखा आहे. अडीच हजारांत कॉन्सर्ट बसलंच नाही तर सोप्रानो घ्या आणि मन लहान करू नका. बोटं शिकतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक आजी सोप्रानोवरच वाजवतात, भाकरी थापून तयार झालेल्या बोटांनी.

आता पैसे कुठे घालवायचे नाहीत. लाकडावर नाही. जाहिरातीत 'सॉलिड टॉप', 'महोगनी', 'सपेली' असे शब्द येतील. सॉलिड म्हणजे अखंड लाकडाची फळी, लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवलेली, थोडक्यात उत्तम प्लायवूड. अखंड लाकडाचा आवाज खुलतो, पण हवा कोरडी झाली की ते आकसतं, दमट झाली की फुगतं. कधी तडकतं. तुमच्या अंगणवाडीवर पत्रा असेल तर एप्रिलची दुपार आणि जुलैची सकाळ यांत काय फरक असतो हे मी सांगायला नको. लॅमिनेट हे सगळं निमूट सोसतं. तुमच्यासाठी लॅमिनेट ही तडजोड नाही, तेच योग्य आहे. तसंच पिकअप (स्पीकरला जोडायची सोय), नक्षी, चकाकी, सोबत मिळणारं रंगीत पुस्तक यांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. पिशवी मात्र बघा. जाड अस्तराची पिशवी सोबत मिळत असेल तर बरंच काम झालं.

खुंट्यांकडे नीट लक्ष द्या. काही स्वस्त वाद्यांना तंबोऱ्यासारख्या नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या असतात. हलक्या प्रतीच्या असल्या की त्या घसरतात. दात्यांच्या, म्हणजे गिअरच्या खुंट्या घ्या. त्या फोटोत बाजूला कानासारख्या बाहेर आलेल्या दिसतात.

आणि आता मुख्य गोष्ट. हिच्यासाठी मी माझंच सांगते.

माझं पहिलं युकुलेले मी ऑनलाइन मागवलं, निळं, फार देखणं. मोकळ्या तारा ट्यूनरवर, म्हणजे सूर बरोबर आहे का ते दाखवणाऱ्या यंत्रावर, अगदी बरोबर लावायचे. मग सी हा सूरमेळ (एकदम छेडलेल्या सुरांचा गट, कॉर्ड) वाजवायचे, तो तर एका बोटाचा, आणि कानाला खटकायचं. एफ वाजवला की जास्तच. जी सेव्हन ऐकवत नसे. चार महिने मी हे माझ्या बोटांचा दोष समजून काढले. गाणं शिकलेली मी, मला रडू यायचं. शेवटी मिरजेला काही कामाने गेले होते, वाद्य बरोबर होतं, तर सतारमेकर गल्लीत एका कारागिरांच्या दुकानात शिरले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीच ही गल्ली. माझं निळं वाद्य तिथे भोपळ्यांच्या रांगेत अगदीच परकं दिसत होतं. त्यांनी असं वाद्य पूर्वी हाताळलेलं नव्हतं. मांडीवर घेतलं, मोकळी तार छेडली, मग पहिल्या पडद्यात दाबून छेडली. पुन्हा मोकळी, पुन्हा पहिला पडदा. म्हणाले, "पहिलाच पडदा चढतोय. तुमची तार इथे उंच बसलीय." आणि डोक्याकडच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

त्या पट्टीला नट म्हणतात. तारा तिच्या खाचांमधून पुढे येतात. खाच पुरेशी खोल नसेल तर तार गळ्यापासून उंच राहते. मग पहिल्या-दुसऱ्या पडद्यात दाबताना तिला फार खाली न्यावं लागतं. तार तेवढी ताणली जाते, ताणली की सूर चढतो. वरच्या पडद्यांत हा दोष कमी होत जातो, पण शिकाऊ माणूस वाजवतो ते पहिल्या तीन पडद्यांतच. म्हणजे नेमकं जिथे तुम्ही राहणार तिथेच घर गळतं. कारागिरांनी एक बारीक कानस घेतली, तार बाजूला केली, तीन हात मारले, तार परत बसवून ऐकलं. पुन्हा दोन हात. चारही तारांना मिळून वीस मिनिटं लागली. मग मी सी वाजवला. तोच सूरमेळ, तेच बोट. दुकानात बसूनच मला कळलं की चार महिने चूक माझी नव्हती.

म्हणून वाद्य घरी आलं की पहिल्या दिवशीच तपासा. बदलून मिळण्याची मुदत थोडी असते, ती कौतुकात घालवू नका. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. फोनमध्ये कुठलाही फुकटचा ट्यूनर घ्या, त्यात युकुलेले निवडा आणि चार तारा लावा. नव्या नायलॉनच्या तारा पहिले आठ-दहा दिवस सारख्या उतरतात, ते दोषाचं लक्षण नाही. लावा, हलक्या हाताने तार थोडी ओढा, परत लावा. असं चार-पाचदा केलं की तपासण्यापुरती ती टिकते.

आता प्रत्येक तार मोकळी छेडा आणि मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पडद्यात दाबून छेडा. दाबताना जोर नको, सूर स्वच्छ निघेल एवढंच. ट्यूनरवरचा काटा बघा. सेंट हे सूर मोजायचं बारीक माप, दोन शेजारच्या पडद्यांच्या सुरांमध्ये शंभर सेंट असतात. पाच-सात सेंट इकडेतिकडे चालतात, या किमतीत दहाही मी चालवून घेईन. पंधरा-वीस सेंट चढत असेल तर सूर कानाला बोचणारच. मग बाराव्या पडद्यात दाबून बघा, तिथे मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. तो फार हुकत असेल तर घोडी, म्हणजे पोटावर तारा जिथे बांधतात तो तुकडा, चुकीच्या जागी चिकटवलेली असू शकते, आणि तिला इलाज नाही. असं वाद्य परत करा. पहिल्या पडद्यात चढतं पण बाराव्यात बरोबर आहे, असं असेल तर दोष नटचा, आणि तो दुरुस्त होतो.

नट उंच आहे का हे डोळ्यांनीही कळतं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मधे दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. पोस्टकार्ड आरामात जात असेल तर नट उंच आहे. शाळेतली पट्टी घेऊन बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे तेही मोजा, अडीच-तीन मिलिमीटर ठीक, चारच्या पुढे बोटांना त्रास. पडद्यांच्या कडेवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. टोचलं, ओरखडा आला, तर कडा घासलेल्या नाहीत. तुमच्याकडे लहान मुलं हात लावणार, हे नीट बघा. घोडीच्या मागच्या बाजूला फट दिसली तर परत.

नट घरी कानस घेऊन घासू नका. एक हात जास्त झाला की तार पहिल्या पडद्याला लागून खडखडते आणि मग नवा नट बसवावा लागतो. तुम्ही तासगावच्या, मिरज एसटीने फार लांब नाही. अडीच हजारांतले दोनशे-तीनशे रुपये या कामासाठी आधीच वेगळे काढा. म्हणजे वाद्य बावीसशेच्या आतलं बघा. वेळ पडली नाही तर त्या पैशांत पुढे तारांचा चांगला संच घ्या, नायलगट किंवा फ्लोरोकार्बन. या दोन नावांपैकी कुठलंही चालेल. स्वस्त वाद्यावर चांगल्या तारा चढवल्या की आवाज केवढा बदलतो ते ऐकूनच कळेल. पोलादी तारा कोणी सुचवल्या तर कधीही लावू नका. युकुलेलेचं पोट तेवढा ताण सोसायला केलेलं नसतं, घोडी उखडून येते.

सांगली-कोल्हापूरला कोणाकडे दुकानात मिळालं तर शंभर-दोनशे जास्त पडले तरी दुकानातून घ्या. चार नग मागून घ्या आणि वर सांगितलं तसं प्रत्येक तपासा. दुकानदार कंटाळला तरी संकोच करू नका, तुम्ही भिशीचे पैसे देताय. जुनंही चालेल. लॉकडाउनच्या काळात हौसेने घेऊन माळ्यावर पडलेली बरीच युकुलेले आहेत. गावच्या गटात, नात्यात विचारा. जुन्याचा गळा एका डोळ्याने सरळ रेषेत बघा, वाकलेला नको, आणि पोटाला चीर नको. बाकी तारा बदलल्या की ते नव्यासारखं होतं.

हप्त्यावर मात्र घेऊ नका. तुम्ही लिहिलंत 'त्याच्या वर एक रुपयाही नाही', ते मी शब्दशः धरलंय आणि तुम्हीही धरा.

वाजवायला लागल्यावर सुरुवातीला तीन सूरमेळ पुरे. सी, एफ आणि जी सेव्हन. सी ला एक बोट, एफ ला दोन, जी सेव्हनला तीन. अंगणवाडीतली बहुतेक बडबडगीतं एवढ्यात बसतात. पांढरी एकचा सा तुम्हाला एकटीला गाताना कदाचित थोडा उंच वाटेल, मोठ्या बाईचा गळा सहसा काळी चार-काळी पाचला रमतो. पण मुलांना तो चांगला झेपतो, आणि तुम्ही त्यांच्याबरोबरच गाणार आहात. उजव्या हाताने तारा छेडताना अंगठ्याने नुसतं वरून खाली, तालात. बाकी हातवारे नंतर. आणि वाद्य मुलांपासून लपवून उंचावर ठेवू नका. रोज एका मुलाला मांडीवर बसवून मोकळ्या तारा छेडू द्या, डावा हात तुमचा. लॅमिनेटचं वाद्य आहे, तेवढं सोसेल. फक्त पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत पडू देऊ नका. उष्णतेने चिकटवलेले सांधे सुटतात.

भिशीचा नंबर लागायला अजून वेळ आहे. तोवर फोनवर पांढरी एकचा सूर लावून रोज प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मुलांकडून सा, ग, प, ध म्हणून घ्या, नुसते, शब्दांशिवाय. मग ज्या दिवशी तुम्ही पिशवीतून वाद्य काढून चार तारा एकेक करून छेडाल, त्या दिवशी समोरून कोणीतरी न सांगता तो सूर म्हणेल. कोण म्हणालं ते मला पत्राने कळवा.